वासराचा गूळ

माकणी, २० ऑगस्ट

चि. सृष्टीस आज्जीचे पोटभर आशीर्वाद.

सृष्टे, आनंदाची बातमी हाय. मला साखर झाली.

हसू नको. आपल्या उपकेंद्रात शिवकांता सिस्टर हाय, तिनं बोटाला टोचून मशिनीत बघितलं, तीनशे बारा आली. म्हणाली, "मावशी, आधी खाली बसा." म्या म्हटलं, "मला उभं राहून पण ऐकू येतं." तर म्हणाली, "तुम्हाला शुगर हाय." मला एकदम हसूच फुटलं. ती म्हणाली, "अवो, माणसं रडतात हितं, तुम्ही हसता काय?" म्या सांगितलं, माझ्या नातीला सात वर्षांची असल्यापासून हाय, आता आमची जोडी जमली.

खरंच सांगते, उपकेंद्रापासून घरापर्यंत मी लग्नाच्या वरातीतून आल्यासारखी आले. रस्त्यात गोरोबा दुकानात बसला होता, त्याला पण सांगितलं. तो म्हणाला, "काकू, ही काय पेढे वाटायची गोष्ट हाय का?" म्या म्हटलं, पेढे आता तूच खा, मला बंद झाले.

त्याच्याच दुकानातून ही वही घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत, ती पण मधूनमधून, तेव्हा अक्षर वेडंवाकडं असंल तर सांभाळून घे. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुझा बाप विचारतो, "आई, बरी हायस का?" मी म्हणते, बरी हाय. मागं तुमच्या कुकरची शिट्टी होते. तेवढंच तुमचं घर मला ऐकू येतं. सृष्टीला दे म्हटलं की मल्लिनाथ म्हणतो, तिचा क्लास हाय. सात वर्षं तुझा क्लासच चाललाय. पत्राला क्लास नसतो, वाटलं तेव्हा वाचता येतं.

तू माझ्याशी बोलत न्हाईस हे मला कळतं गं. मी काय एवढी खुळी न्हाय. पण आता आपला आजार एक झाला, तर एकमेकींना विचारायला काहीतरी झालं का न्हाय? मला सांग, सुई बोटाच्या मधोमध टोचायची का कडेला? मधोमध लई दुखतं.

येळवसेला, शेतातल्या अमावस्येच्या पूजेला, येशील का? डिसेंबरात हाय. शेतात खोपीसारखा कोप मी आतापण घालते, कडबा मीच लावते. पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवते. मग एकटीच आंबील पिऊन परत येते. तू आलीस तर दोघी बसू.

तुझी,
महानंदा आज्जी

—

माकणी, ६ सप्टेंबर

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं न्हाय. पोस्टमन दोनदा येऊन गेला, एकदा गोरोबाचं वीजबिल घेऊन आणि एकदा नुसताच पाणी प्यायला. तुझी सहामाही चालू असंल.

सुई कडेला टोचायची, हे मला शिवकांतानं सांगितलं. म्हणाली, रोज बोट बदलायचं. करंगळीची पाळी आज हाय. दहा बोटांचे दहा दिवस, मग परत पहिल्यापासून. तुझी बोटं तर सात वर्षांची होती, एवढीएवढीशी. तू रडायचीस का गं टोचताना? मला आठवंना. मी बघायलाच थांबत नव्हते, बाहेर जाऊन उभी राहायचे.

तिनं मला आजार समजावून सांगितला. म्या म्हटलं, माझी आणि नातीची साखर सारखीच ना? तर म्हणाली, न्हाय मावशी, तिची वेगळी. तुमच्या अंगात साखर जिरवायचं औषध तयार होतं पण ते पुरं पडत न्हाय. तिच्या अंगात ते तयारच होत न्हाय, म्हणून तिला सुई घ्यावीच लागते, एक दिवस चुकवून चालत न्हाय. आणि तिला काय गोड खाऊन झालेली न्हाय, कुणीच काही केलेलं नसतं.

सृष्टे, तुला आजार झाला तेव्हा म्या चारचौघांत म्हटलं होतं, हिच्या आईनं चॉकलेटं चारली म्हणून झालं. तुझ्या आईनं, सोनालीनं ऐकलं होतं, माझ्याकडं नुसतं बघितलं होतं. तिला सांग, आत्याबाई चुकल्या म्हणून.

आता माझं खाणं ऐक. आपली ज्वारीची भाकर चालते, पण दोनच. म्या म्हटलं, दोन भाकरीवर माणूस जगतंय का? शिवकांता म्हणाली, पालेभाजी, वरण वाढवा. भात वाटीभर, साबुदाणा बंद. आता सोमवारी मी शेंगदाणे खाते आणि महादेवाला सांगते की तूच बघून घे. जेवल्यावर चालायचं, म्हणून धरणाच्या रस्त्यानं जाते. लोक विचारतात, काकू कुठं निघाल्या? मी म्हणते, साखर जिरवायला.

रात्री पायपण तपासायचे. आपल्या पायाला लागलेलं आपल्याला कळत न्हाय म्हणे. तळवा दिसावा म्हणून तुझ्या आजोबांचा दाढीचा आरसा काढलाय. त्या आरशात चाळीस वर्षं त्यांचं तोंड दिसायचं, आता माझा तळवा दिसतो. शिवप्पा असते तर म्हणाले असते, काय पण दिवस आले आरशाला.

पायाला जरा चप्पल लागलीय, बरं होईल.

तुझी,
आज्जी

—

माकणी, २८ सप्टेंबर

चि. सृष्टीस आशीर्वाद.

मधे पत्र न्हाय लिहिलं, मी गावाला गेले होते. आठ-दहा दिवस. तिकडं पाऊस लई. इकडंपण सोयाबीन पाण्यात हाय.

मला आता गोळी बंद करून सुई चालू केली. तुझ्यासारखीच, पोटाला. पहिल्यांदा सिस्टरनं टोचली, दुसऱ्यांदा म्या. कातडीची चिमूट धरायची आणि टोचायची, दहापर्यंत आकडे मोजायचे, मग काढायची. दहा मोजताना मी तुझं नाव घेते, दोन दोनदा. काही दुखत न्हाय गं, खरंच. मला वाटायचं पोर कशी सोसत असंल.

परवा जेवायला उशीर झाला तर हातपाय थरथरायला लागले. दरदरून घाम. भांडं हातातून सुटलं. गोरोबाची बायको धावत आली, तिनं साखरपाणी पाजलं. पाच मिनिटांत उतरलं. शिवकांता रागावली, म्हणाली, "मावशी, ही सुई घेणाऱ्या माणसानं गुळाचा खडा कायम जवळ ठेवायचा. साखर खाली आली की तोच औषध." माझ्या कमरेच्या चंचीत आता कायम खडा असतो.

गुळाचा खडा जवळ ठेवायचा म्हणाली.

सृष्टे, मला एक तुला

आज न्हाय लिहवत. डोळे पण दुखायलेत. औषधाची शिशी फ्रिजमधे ठेवायची असते. कुठं ठेवायची तेपण सांगितलं सिस्टरनं. मी जरा पडते.

आज्जी

—

माकणी, ९ ऑक्टोबर

चि. सृष्टीस,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता फाडणार न्हाय. वही संपत आली.

एक सांगते. मी गावाला गेले नव्हते. पायाची जखम चिघळली, मी आठ दिवस हळदच लावत बसले. मला दुखतच नव्हतं, त्यामुळं वाटलं बरं होतंय. मग शिवकांतानं बघितलं आणि तशीच जीपमधे घालून मला उमरग्याला दवाखान्यात नेलं. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढलं. गोरोबा आणि त्याची बायको आळीपाळीनं थांबले. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवा. म्या म्हटलं, मुलगा परदेशात हाय. चाकणला परदेश केलं म्या. मल्लिनाथ आला असता, पण आला असता आणि परत गेला असता, ते मला बघायचं नव्हतं.

हे सांगायला पत्र न्हाय लिहिलं. हे पुढचं सांगता यावं म्हणून आधी हे सोपं सांगितलं.

तिथून सुट्टी देताना तिथल्या सिस्टरनं हातात औषधाची शिशी दिली आणि म्हणाली, "काकू, फ्रिजच्या दारात ठेवायची. बर्फाच्या खणात चुकूनपण न्हाय. एकदा गोठली की फेकून द्यायची, मग त्यात औषध राहत न्हाय. टोचली तरी उपयोग न्हाय, नुसतं पाणी." म्या विचारलं, "वितळवून घेतली तर?" ती म्हणाली, "तरी पाणीच."

मी खाटेवर बसले ती बसलेच. गोरोबाची बायको विचारायली, काकू चक्कर आली का?

सृष्टे, तू सात वर्षांची होतीस. येळवसेच्या दोन दिवस आधी तुम्ही आलात. सोनालीनं तुझी शिशी माझ्या फ्रिजच्या दारात ठेवली आणि मला तीनदा बजावलं, आत्याबाई, ही थंड राहिली पाहिजे, एकच आणलीय. तेव्हा आपल्याकडं लाइट आठ आठ घंटे जायची. मला वाटलं, दारात कसली थंड राहती? पोरीचं औषध हाय, जास्त थंड ठेवू. म्या रात्री ती बर्फाच्या खणात ठेवली, मटणाच्या दुकानात ठेवतात तशी फडक्यात गुंडाळून. सकाळी बघते तर दगड. मी घाबरले. सोनाली आंघोळीला गेली होती. म्या गरम पाण्याच्या वाटीत शिशी धरली, चुलीपाशी बसून. वितळली. दिसायला होती तशीच दिसली. पदरानं पुसली आणि दारात ठेवून दिली. कुणाला बोलले न्हाय, कारण तुझी आई आधीच मला गावंढळ समजती असं मला वाटायचं.

त्यातलीच सुई तुला दिली, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी.

येळवसेला सगळे शेतात. तू आंबील मागत होतीस, पाणी मागत होतीस, सारखी तहान, सारखी लघवीला. मी म्हणाले, उन्हानं होतंय. गोठ्यातली पाडी, महिन्याचं वासरू, शेतात आणली होती, तू तिच्या मागंमागं. म्या तुला गुळाचा खडा दिला आणि म्हटलं, खिशात ठेव, वासरू उठलं की अर्धा दे, अर्धा संध्याकाळी. तू विचारलंस, "आज्जी, मला थोडा चालंल?" मी म्हणाले, न्हाय गं, हा वासराचा. तू म्हणालीस, बरं. आणि तू चाटलापण न्हाईस. मला माहीत हाय, मी तिथंच चुलीवर भज्जीची भाजी ढवळत होते, माझं तुझ्याकडंच लक्ष होतं. तू अर्धा पाडीला दिलास, हात फ्रॉकला पुसलास आणि कोपात जाऊन झोपलीस. उठवलं तर उठंनास. उलटी झाली. सोलापूरपर्यंत तुझ्या बापानं गाडी कशी नेली त्यालाच माहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध उन्हात राहिलं का, बर्फात राहिलं का? सोनाली म्हणाली, न्हाय, फ्रिजमधे होतं. मी तिथं उभी होते. मी भिंतीकडं बघत होते.

मग दोन दिवसांनी तू शुद्धीवर आलीस, तुझे कपडे पिशवीत भरताना फ्रॉकच्या खिशातून गुळाचा खडा खाली पडला. तुझा बाप म्हणाला, "चोरून खाल्लास? मरायला टेकली होतीस गुळापायी?" तू म्हणालीस, "तो वासराचा हाय. आज्जीनं दिलाय. आज्जीला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "मला काय माहीत बाई."

एवढंच बोलले. तू माझ्याकडं बघत राहिलीस. नंतर कूस बदललीस. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली न्हाईस, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की पोर शहरात जाऊन आज्जीला विसरली.

तुळजापूरच्या लग्नात तुझ्या मावश्या म्हणत होत्या, सृष्टी आली, लाडू उचला. सगळे हसले. तू मांडवाच्या कडेला जाऊन बसलीस. तिथंपण मी होते. तिथंपण गप्प होते.

शिशीचं मला तेव्हा कळत नव्हतं, नुसती भीती होती. पण गुळाचं मला सगळं माहीत होतं. गूळ म्या दिला होता. चोर तू न्हाईस. खोटं मी बोलले.

हे पत्र जेवायच्या वेळी आईबापापुढं मोठ्यानं वाच. तुला नसंल वाचवत तर आईच्या हातात दे. मग त्यांना मला जे बोलायचं ते बोलू दे. येळवसेला ये असं आता म्हणत न्हाय. ते मला म्हणायचा हक न्हाय.

महानंदा

—

माकणी, ११ नोव्हेंबर

चि. सृष्टीस,

दिवाळीला फोन आला न्हाय. लावायला हात गेला होता, मग म्हटलं, न्हाय, त्यांचं त्यांना ठरवू दे. पाडव्याला म्या जवस-शेंगदाण्याची चटणी आणि भाकर खाल्ली. शेजारून करंजी आली होती, ती गोरोबाच्या गाईला दिली. साखर एकशे चाळीस. कुणाला सांगायची ते कळंना, म्हणून आरशाला सांगितली.

काल फोन वाजला. सोनाली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, मी सात वर्षं स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावत होते."

मी म्हणाले, "व्हय बाई."

"तिच्या दप्तरात हात घालत होते. रोज."

मी म्हणाले, "व्हय."

"काल कुलूप काढलं."

मग ती रडली का काय ते कळलं न्हाय, मागं कुकर वाजला आणि तिनं ठेवून दिला. मल्लिनाथ बोलला न्हाय. तो बोलणार पण न्हाय इतक्यात, बापावर गेलाय. शिवप्पा एकदा माझ्याशी सहा महिने बोलले नव्हते, म्हशीच्या पायी, पण ते राहू दे.

तुझ्याबद्दल तिनं काही सांगितलं न्हाय, म्यापण विचारलं न्हाय.

धरण काठोकाठ भरलंय. मी आता चालते ती काठी घेऊन. एक बोट कमी असलं तरी चालता येतं, फक्त चप्पल पुढं पळती.

आज्जी

—

माकणी, १२ डिसेंबर

चि. सृष्टीस,

पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी भाकर थापत होते. पिठाच्या हातानंच पार्सल घेतलं. गोरोबा म्हणाला, "काकू, फोडा की." म्या म्हटलं, तू जा आधी.

निळी पिशवी निघाली. पाण्यात बुडवून ठेवली की लाइट नसली तरी औषध गार राहतं, हे वर मराठीत लिहिलंय. तू लिहिलंस ते अक्षर बघत बसले. आणि ती चिठ्ठी. पाय बघायला आलेल्या शिवकांतानं वाचून दाखवू का विचारलं, म्या दिली न्हाय, स्वतः वाचली:

"औषध दारात ठेव. सुई दर वेळी बदल. पाय रोज बघ, बोटांच्या मधेपण. गूळ कायम जवळ. वासरू केवढं झालं?"

नमस्कार न्हाय, नाव न्हाय. पण शेवटी ते वासरू.

म्या आधी उत्तर लिहिलं होतं की ती आता मोठी गाय झालीय, दावणीला हाय, तुझी वाट बघती. लिहिलं आणि मग वाचलं. मग ते पान फाडलं. आता मला तुला खोटं लिहायचं न्हाय, गोड वाटलं तरी.

खरं हे हाय की ती मोठी झाली, दोनदा व्याली, आणि दोन वर्षांमागं म्या ती गोरोबाला देऊन टाकली. एकटीला चारा-पाणी होत नव्हतं. गोठा रिकामा हाय, त्यात आता सरपण ठेवते. पण तिच्या पोटची कालवड गोरोबाच्या दावणीला हाय. कपाळावर तसलाच पांढरा ठिपका, बघितलंस तर तुला तीच वाटंल.

येळवस पुढल्या शुक्रवारी हाय. ये म्हणत न्हाय. पण कोप या वर्षी जरा मोठा घातलाय, उगंच, कडबा उरला होता. आंबिलीला ज्वारीचं पीठ कालवून ठेवायचंय. खीर करते, पण एकच वाटी, देवापुरती.

चंचीत माझा खडा हाय. आज दुसरा फोडला, कागदात वेगळा बांधला. अर्धा मघाशी कालवडीला देऊन आले. तिनं हात चाटला. शेजारी गोरोबा उभा होता, त्यानं विचारलं, "काकू, हा कुणाचा गूळ?"

म्या सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, त्याच्या बायकोलापण ऐकू जाईल असं, "म्याच माझ्या सृष्टीला दिला होता. वासरासाठी. सात वर्षांमागं."

अर्धा उरलाय. तो तुझ्यासाठी ठेवलाय, संध्याकाळचा.

आज्जी